संगणकजालाची आभासी प्रयोगशाळा

जमिनीचा उतारा, मग तो महाराष्ट्रातील सात-बारा असो वा गोव्यातील एक-चौदा, आता संगणकावरून मिळतो. जन्म-मृत्यूची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वस्त धान्य दुकानातील अंगठ्याचा ठसा ही सर्व कामे दूर कोठेतरी असलेल्या संगणकाशी संपर्क साधूनच पुरी होतात. हा संपर्क तुटला की खिडकीपलीकडून "आज नेट नाही" एवढेच उत्तर येते आणि तालुक्याच्या गावी बसने आलेला ग्रामस्थ हात हलवीत परत जातो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंचे जाळे नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मान्यता दिली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते. परंतु तार गावात आली म्हणून काम संपत नाही. जाळे बंद पडल्यावर नेमके कोठे बिघडले आहे हे शोधून काढणारा मनुष्य लागतो. तो बहुधा जवळच्याच तंत्रनिकेतनातून वा महाविद्यालयातून शिकून आलेला असतो. शिकत असताना त्याने एकदा तरी बिघडलेले जाळे स्वतःच्या हाताने दुरुस्त केले होते काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला परीक्षानळी मिळते, वायरमनच्या विद्यार्थ्याला तारा आणि स्विचबोर्ड मिळतो. संगणकजालाच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा फळ्यावरची आकृती मिळते. यात शिक्षकांचा दोष आहे असे नव्हे. हा विषयच असा आहे की, त्याची प्रयोगशाळा उभारणे अवघड जाते. ते का, हे समजण्यासाठी जाळ्याचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

संगणकाने पाठवावयाचा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. वाटेत जागोजाग राऊटर नावाची यंत्रे बसविलेली असतात. टपालाची छाटणी करणारा कर्मचारी पाकिटावरचा सगळा पत्ता वाचीत बसत नाही. पिनकोड पाहून ते कोणत्या पिशवीत टाकावयाचे एवढेच ठरवितो. राऊटरही तसेच करतो. पत्त्याचा पुढला भाग पाहून पॅकेट कोणत्या तारेवर सोडावयाचे ते तो ठरवितो, आणि त्यासाठी त्याच्याजवळ एक तक्ता असतो. हा तक्ता कोणी माणूस रोज लिहून देत नाही. शेजारशेजारचे राऊटर एकमेकांशी बोलून तो आपापसांत तयार करतात आणि एखादी वाट बंद झाली तर बदलतात. संगणकजालाचे शास्त्र बव्हंशी या बोलण्याचेच शास्त्र आहे. साहजिकच, ते शिकवावयाचे तर किमान तीन-चार राऊटर एकत्र आले पाहिजेत. एकटा राऊटर कोणाशी बोलणार?

आता हिशेब करून पाहावा. विद्यार्थ्यांच्या एका गटास चार राऊटर, तीन स्विच आणि सहा संगणक द्यावयाचे ठरविले, तर वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत चौघांचे पाच गट धरून २० राऊटर, १५ स्विच आणि ३० संगणक लागतील. ग्रामीण भागातील संस्थेस हा खर्च झेपणारा नाही. मग होते असे की, एक-दोन यंत्रे खरेदी केली जातात, ती बिघडू नयेत म्हणून कपाटात कुलुपबंद राहतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतात.

संस्थेचे चालू जाळेच प्रयोगास घ्यावे, हा मार्गही बंदच. एका चुकीच्या आज्ञेने काय होते याचे उदाहरण जगाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाहिले. त्या दिवशी फेसबुक कंपनीच्या जाळ्यात देखभालीचे नेहमीचे काम चालू होते. जाळ्याची क्षमता किती शिल्लक आहे हे पाहण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या सर्व माहितीकेंद्रांना जोडणारा कणाच तुटला. अशी आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-प्रणालीतही दोष होता, म्हणून ती अडली नाही. पाठोपाठ कंपनीच्या संगणकांचे पत्ते जगाला सांगणारी यंत्रणा दिसेनाशी झाली. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास ठप्प झाले. अभियंत्यांना दुरून दुरुस्ती करता येईना, कारण दुरून आत शिरण्याची वाट त्याच जाळ्यातून जात होती. एवढ्या जाणत्या लोकांच्या हातून जे घडते ते विद्यार्थ्याच्या हातून घडणारच, आणि शिकण्यासाठी ते घडलेही पाहिजे. मात्र ते अशा ठिकाणी घडावे, की जेथे कोणाचा दाखला अडणार नाही.

एका वाड्यातील बिऱ्हाडे

ही सोय आभासी प्रयोगशाळेने झाली आहे. एकाच संगणकाच्या आत अनेक संगणक, राऊटर, स्विच आणि त्यांना जोडणाऱ्या तारा आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण करावयाच्या आणि त्यांच्यावर प्रयोग करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. 'आभासी' या शब्दाने मात्र थोडा गैरसमज होतो. अशा प्रयोगशाळांचे दोन अगदी निरनिराळे प्रकार आहेत, आणि कोणता प्रकार आपल्या हाती आहे हे शिक्षकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार बहुरूप्याचा. बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारात येतो, फौजदारासारखा दरडावतो, मुले घाबरतात. पण त्याला कोणाला अटक करता येत नाही. सिस्को कंपनीचे 'पॅकेट ट्रेसर' हे या प्रकारचे सुपरिचित साधन आहे. कंपनीने १९९७ साली सुरू केलेल्या नेटवर्किंग अकादमीच्या विद्यार्थ्यांना ते विनामूल्य मिळते. पडद्यावर राऊटरचे चित्र येते, त्याला आज्ञा देता येतात, पॅकेट एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना दिसते. नवशिक्याला हे फार उपयोगी पडते. परंतु आत खरा राऊटर नसतो; राऊटर कसा वागेल याचा आज्ञावली लिहिणाऱ्याने बांधलेला हिशेब असतो. त्याने ज्या आज्ञांचा विचार केला तेवढ्याच चालतात, आणि ज्या बिघाडांची त्याला कल्पना नव्हती ते बिघाड कधीच होत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात सोंग नसते. खऱ्या राऊटरमध्ये चालणारीच आज्ञावली येथे चालते. फक्त तिच्याभोवतीचे लोखंडी खोके नसते. हे कसे साधते याला जुन्या वाड्याची उपमा चपखल बसते. एकाच वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडे राहतात. प्रत्येक बिऱ्हाडाचे दार वेगळे, चूल वेगळी, हिशेब वेगळा; पण पाया, छप्पर आणि विहीर सर्वांची एकच. लिनक्स ही विनामूल्य संगणकप्रणाली अशी बिऱ्हाडे करून देते. प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःचा पत्ता, स्वतःची दारे आणि स्वतःचा मार्गतक्ता मिळतो. शेजारच्या बिऱ्हाडात काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. दोन बिऱ्हाडांमध्ये दोन टोकांची एक आभासी तार टाकली की ती एकमेकांशी बोलू लागतात. छप्पर एकच असल्याने खर्चही बेताचा होतो. आठ जीबी स्मृती असलेल्या साध्या संगणकावर अशी वीस-पंचवीस यंत्रे विनासायास चालतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या 'मिनिनेट' या साधनाची माहिती देणारा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. हातसंगणकात मावणारे जाळे असेच त्याच्या शीर्षकात म्हटले होते.

'जीएनएस३' हे साधनही पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. ते स्वतः विनामूल्य आहे. परंतु त्यात चालवावयाची राऊटर कंपन्यांची आज्ञावली बहुधा विनामूल्य नसते. शासकीय संस्थांनी तिच्या चोरट्या प्रती वापरू नयेत, हे सांगावे लागते हीच खेदाची गोष्ट होय. 'एफआरराऊटिंग' ही मुक्त आज्ञावली त्याच कामासाठी उपलब्ध असताना तशी गरजही नाही.

रोम येथील प्रयत्न

इटलीच्या राजधानीतील 'रोमा त्रे' विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेटकिट' नावाचे साधन सिद्ध केले आणि त्याची माहिती देणारा निबंध २००८ साली सादर केला. कमी किमतीच्या संगणकावर गुंतागुंतीचे जाळे उभे करावयाचे, हा त्यांचा उद्देश होता. पुढे त्याच विद्यापीठात 'कथारा' हे त्याचे नवे रूप तयार झाले. या साधनांची खरी खुबी यंत्रापेक्षा मांडणीत आहे. एक प्रयोग म्हणजे संगणकातील एक फोल्डर. कोणत्या यंत्राचे कोणते दार कोणत्या तारेला जोडावयाचे, हे साध्या मजकुरात लिहिलेली एक फाईल त्यात असते. आणि प्रत्येक यंत्राने सुरू होताना कोणत्या आज्ञा पाळावयाच्या, याच्या छोट्या छोट्या फाईली असतात. सारे मिळून एखाद्या छायाचित्राहूनही कमी जागा लागते. शिक्षक ते पेन ड्राईव्हवर देऊ शकतो. विद्यार्थ्याने सर्व काही मोडून टाकले तरी बिघडत नाही. एका आज्ञेने जाळे नाहीसे होते, दुसरीने पुन्हा पहिल्यासारखे उभे राहते.

आणखी एक गोष्ट ग्रामीण संस्थांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. साधन एकदा संगणकात बसविले की त्यानंतर बाहेरच्या इंटरनेटची गरज उरत नाही. दिवसातून चार वेळा नेट जाणाऱ्या गावातही इंटरनेटचे शास्त्र शिकता येते.

या प्रयोगशाळेत काय शिकता येते याची कल्पना एका प्रयोगावरून येईल. क, ख आणि ग असे तीन राऊटर एका ओळीत जोडावयाचे. ग च्या पलीकडे एक लहानसे जाळे आहे. त्याला 'शाळा' म्हणू. राऊटरांनी आपसांत 'रिप' या जुन्या, सोप्या संकेतनियमाने बोलावयाचे. शाळेपर्यंत ग चे अंतर १, ख चे २ आणि क चे ३, असे तक्ते काही क्षणांत तयार होतात. आता ख आणि ग यांच्यामधील तार तोडावयाची. ख ला कळते की आपली वाट गेली. तो ही बातमी क ला कळविणार, इतक्यात क आपल्या नेहमीच्या वेळी सांगतो, "शाळा माझ्यापासून ३ अंतरावर आहे." ही वाट खुद्द ख वरूनच जाते, हे क सांगत नाही आणि ख ला ते कळण्याचा मार्ग नाही. ख आपल्या तक्त्यात ४ लिहितो. ते ऐकून क ५ लिहितो. मग ख ६, क ७. दोघेही एकमेकांच्या भरवशावर आकडा चढवीत राहतात, आणि शाळेकडे निघालेले पॅकेट दोघांमध्ये चेंडूसारखे फेकले जाते. आकडा १६ झाला की त्याचा अर्थ 'वाट नाही' असा घ्यावयाचा, असा रिपचा नियम असल्यामुळेच हा खेळ थांबतो.

हा प्रकार पाठ्यपुस्तकात दिलेला असतो, विद्यार्थी तो पाठही करतात. परंतु स्वतःच्या पडद्यावर ४, ५, ६ असे आकडे चढताना पाहिलेला विद्यार्थी तो विसरत नाही. 'वायरशार्क' या विनामूल्य साधनाने राऊटरांचे बोलणे शब्दशः वाचता येते. कोणी कोणाला केव्हा काय सांगितले, सारे समोर दिसते. मग उपायही त्यालाच सुचू लागतो: ज्याच्याकडून वाट ऐकली त्यालाच ती परत सांगू नये. प्रत्यक्षात हाच उपाय योजला जातो. म्हणून हा प्रयोग करताना तो आधी हेतुपुरस्सर बंद करून ठेवावा लागतो, आणि नंतर चालू करून फरक पाहावयाचा असतो.

वर्गाचे स्वतःचे इंटरनेट

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील ईटीएच या विख्यात तंत्रविद्यापीठाने याच कल्पनेचा मोठा विस्तार केला. २०१६ पासून तेथे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला एका इंटरनेट कंपनीचे संपूर्ण आभासी जाळे सोपविले जाते. गटाने आधी आपले घर लावावयाचे, म्हणजे आतील राऊटर एकमेकांशी नीट जोडावयाचे. नंतर शेजारच्या गटांशी बोलणी करून एकमेकांची पॅकेटे कोणत्या अटींवर पुढे न्यावयाची हे ठरवावयाचे. अशी सर्व गटांची जाळी मिळून वर्गाचे एक छोटे इंटरनेट तयार होते. एका गटाने चूक केली की तिचा ताप दुसऱ्या गटाला होतो. तो तक्रार घेऊन येतो, वाद होतो, कारण शोधावे लागते. हे साधन २०२० साली सर्वांसाठी खुले करण्यात आले.

खऱ्या इंटरनेटवर अशा चुका घडल्या आहेत. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा आदेश निघाला. तेथील दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी एका भागाची वाट आपल्याकडे आहे असे जाहीर केले. ही जाहिरात देशापुरतीच राहावयाची होती. ती वरच्या कंपनीमार्फत जगभर पसरली. राऊटरचा नियम असा की, दोन वाटा सांगितल्या गेल्या तर अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्याचे ऐकावयाचे. जिल्ह्याचे नाव सांगणाऱ्यापेक्षा गावाचे नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा, तसेच हे. परिणामी जगातील पुष्कळ ठिकाणची यूट्यूबची पॅकेटे सुमारे दोन तास भलत्याच देशाकडे जात राहिली. हा सारा प्रसंग आभासी प्रयोगशाळेत दहा-बारा यंत्रे घेऊन तासाभरात पुन्हा घडविता येतो, आणि तो कसा रोखावयाचा हेही तेथेच करून पाहता येते. खऱ्या जाळ्यावर तसे करून पाहण्याची परवानगी कोणी देणार नाही, आणि देऊही नये.

आपल्या देशातही या दिशेने काम झाले आहे. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्यासाठी केंद्र शासनाने २००९ साली जे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्याच्या अंतर्गत 'व्हर्च्युअल लॅब्ज' हा प्रकल्प उभा राहिला. दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकाराने बारा संस्था त्यात सहभागी झाल्या. त्यांत मुंबईची आयआयटी, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, सुरतकलची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि हैदराबादची आयआयआयटी यांचा समावेश आहे. संगणकजालाचे प्रयोग खरगपूरच्या आयआयटीने तयार केले. आधी विषयाची माहिती, मग पूर्वचाचणी, मग पडद्यावर प्रयोग आणि शेवटी पुन्हा चाचणी, अशी बहुतेक प्रयोगांची रचना आहे. शुल्क काहीच नाही. यातील बरेच प्रयोग वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारात मोडतात आणि ते करताना इंटरनेट लागते. तेव्हा विषयाची ओळख येथे करून घ्यावी आणि पुढील अभ्यास नेटकिट-कथारासारख्या साधनांवर करावा, हे सोयीचे.

पडद्यावर जे मिळत नाही

आभासी तारेला उंदीर कुरतडत नाही. पावसाळ्यात वीज पडून तिचे तोंड जळत नाही, रस्ता खणणारे यंत्र ती तोडीत नाही. गावातील जाळे मात्र अशाच कारणांनी बंद पडते. चिऱ्याच्या जाड भिंतीआड वाय-फायचा जोर किती कमी होतो, हे पडद्यावर कळत नाही. वाड्यातील सर्व बिऱ्हाडे एकाच विहिरीवर पाणी भरीत असल्याने आभासी जाळ्यात मोजलेल्या वेगावरही विश्वास ठेवता येत नाही. तांब्याच्या तारेच्या आतील आठ रंगीत धाग्यांची क्रमवार मांडणी करून टोकाला खुंटी बसविणे, ती नीट बसली की नाही हे तपासणे, तार शंभर मीटरपेक्षा लांब नेल्यास काय होते ते अनुभवणे, ही कामे बोटांनीच शिकावी लागतात. प्रकाशतंतू जोडण्याचे काम तर त्याहून नाजूक.

म्हणून खरी यंत्रे अजिबात नकोत असे म्हणणे चुकीचे होईल. एका गटापुरता खरा संच, भरपूर तार व खुंट्या, आणि राहिलेल्या पैशांतून असलेल्याच संगणकांची स्मृती वाढविणे, अशी खरेदी केली तर थोड्या खर्चात अधिक विद्यार्थ्यांचे काम होते. खरेदीच्या याद्या तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी याचा विचार करावा. दहा राऊटरांची यादी कागदावर भारदस्त दिसते, एवढ्यावरून ती उपयोगाची ठरत नाही.

परीक्षेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. प्रात्यक्षिकाची वही एकाने लिहावी आणि सर्वांनी उतरवून घ्यावी, ही चाल सर्वांच्या परिचयाची आहे. आभासी प्रयोगशाळेत प्रत्येकाला हजेरीक्रमांकानुसार निराळे पत्ते देता येतात. सतराव्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे जाळे १०.१७ या आकड्यांनी सुरू होईल, अठराव्याचे १०.१८ ने, शेजाऱ्याचे उत्तर उतरविले तर ते चालणारच नाही. याहून चांगली रीत म्हणजे तयार जाळे देऊन त्यात बिघाड लपवून ठेवणे. उदाहरणार्थ, १९२.१६८.५.२०० हा पत्ता असलेल्या संगणकात जाळ्याच्या भागाची लांबी २४ ऐवजी २५ लिहून ठेवावी. मग १९२.१६८.५.१ हा त्याचा स्वतःचाच राऊटर त्याला परक्या वस्तीतला वाटतो आणि बाहेरची वाट बंद होते. शेजारच्या काही संगणकांशी संपर्क मात्र चालू राहतो. विद्यार्थ्याला बिघाडाचे नाव सांगावयाचे नाही. कचेरीत येणारी तक्रार जशी असते तशीच द्यावयाची: "कालपर्यंत दाखला निघत होता, आज निघत नाही; शेजारच्या टेबलावरच्या छपाईयंत्रावर मात्र कागद निघतो." विद्यार्थ्याने प्रथम काय तपासले, त्यावरून काय ताडले, नंतर काय तपासले, हे क्रमाने मराठीत लिहून द्यावे. बिघाड सापडला नाही तरी तपासणीचा क्रम बरोबर असल्यास त्याला निम्म्याहून अधिक गुण द्यावेत.